रांजणावरचा नवरा

सूर्यकांतराव गुळवणी दुबईत बुडालेल्या जहाजांवर पोट भरायचे. म्हणजे जहाज बुडालं, माल भिजला, कंटेनर समुद्रात पडला की त्यांचं काम सुरू व्हायचं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका मरीन इन्शुरन्स कंपनीत ते क्लेम्स बघत. दुसऱ्याच्या नुकसानीकडे थंड डोक्यानं बघण्यात त्यांचा हातखंडा होता. स्वतःला मात्र साध्या चार शिंका आल्या तरी स्वारी घाबरून अर्धी व्हायची.

मृणालिनीबाईंचा स्वभाव अगदी उलटा. ऊद मेथामधल्या एका भारतीय शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं गणित शिकवलं, निवृत्त झाल्या, आणि महिनाभरात अल कूझमधल्या एका जुन्या गोदामात चालणाऱ्या पॉटरी क्लासला नाव घालून आल्या. क्लास चालवणारी बाई फिलिपिनो, नाव मारिविक. दर शनिवारी सकाळी मृणालिनीबाई तिथं जायच्या आणि दुपारी कोपरापर्यंत मातीनं माखून, गालावर एखादा चिखलाचा ठिपका घेऊन परत यायच्या. न्यायला सूर्यकांतराव. ते कधी आत जात नसत. गाडीतच एसी लावून बसत आणि दोनदा हॉर्न वाजवत.

त्या शनिवारी गाडीचा एसी बिघडला. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसावा. नाइलाजानं ते गोदामात शिरले. मृणालिनीबाई मागच्या बाजूला हात धूत होत्या. सूर्यकांतराव इकडेतिकडे बघत फळ्यांपाशी गेले, आणि जागच्या जागी उभे राहिले.

खालच्या फळीवर एक रांजण होता. गुडघ्याएवढा उंच, पोटाला गोल. त्यावर झाकण होतं, आणि ते झाकण म्हणजे चक्क माणसाचं डोकं. लांबट चेहरा, घराच्या आधी अंगण यावं तसं पुढे आलेलं नाक, डाव्या भुवईत खोक, आणि खालचा ओठ किंचित बाहेर काढलेला, जणू समोरच्याचा क्लेम आत्ताच नामंजूर केलाय.

ते सूर्यकांतराव होते. शंकाच नको.

त्यांनी पटकन मोबाइलवर फोटो काढला आणि ताकास तूर लागू न देता गाडीत जाऊन बसले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. निवृत्तीला आता थोडेच महिने उरले होते, मग कायमचं पुण्याला परतायचं होतं. फेअरवेलच्या दिवशी आपल्याला सरप्राइज द्यायचं बाईंच्या मनात आहे, हे त्यांनी ताडलं. पुतळा! देवळात देवाचा असतो, चौकात पुढाऱ्याचा असतो, आणि अल कूझमध्ये गुळवण्यांचा आहे.

पुढचा आठवडा सुखात गेला. आता त्यांच्या लक्षात येऊ लागलं की बाई जेवताना आपल्याकडे टक लावून बघतात. आपण वरणभात कालवत असतो आणि बाईंचा घास हातातच राहिलेला असतो.

"अहो, जरा डावीकडे बघा ना," एकदा त्या म्हणाल्या.

"का गं?"

"काही नाही. उगीच."

एकदा सोफ्यावर त्यांचा डोळा लागला होता तेव्हा बाईंनी हळूच त्यांच्या कानाची पाळी चाचपली. सूर्यकांतराव जागे होते, पण डोळे मिटूनच राहिले. लग्नाला तीस वर्षं उलटून गेल्यावर असं कोण कोणाचा कान चाचपतं? ते आपल्या नशिबावर खूश झाले. केस कापायला गेले तेव्हा न्हाव्याला बजावलं, "हबीबी, जैसा है वैसाच रखना." पुतळ्यात आणि मूळ माणसात फरक पडायला नको.

हा आनंद कुणाला तरी सांगितल्याशिवाय पचेना. ऑफिसच्या पँट्रीत शेजारच्या डेस्कवरचा रोडेल कॉफी ओतत होता. तोही फिलिपिनो. त्यांनी फोटो त्याच्यापुढे धरला.

रोडेलचे डोळे चमकले. "सर! हे तर आमच्याकडचे जार आहेत! मैतुमचे! शाळेत आम्हाला होते हे. दोन हजार वर्षांपूर्वीचे, मिंडानाओ बेटावरच्या गुहेत सापडले. सेम टू सेम. डोक्याचं झाकण, प्रत्येकाचा चेहरा वेगळा."

"अस्सं?" सूर्यकांतराव कौतुकानं म्हणाले. "काय ठेवायचे त्यात? धान्य?"

"नो सर. मेलेली माणसं." रोडेलनं कॉफीत साखर टाकली. "म्हणजे हाडं. माणूस मेला की आधी कुठंतरी पुरायचे, मग काही काळानं हाडं काढून, साफ करून जारमध्ये भरायचे. आणि वर त्याचाच चेहरा. व्हेरी ब्यूटिफुल कस्टम, सर. सर? कॉफी?"

सूर्यकांतरावांना कॉफी नको होती. त्यांना खुर्ची हवी होती.

डेस्कवर येऊन ते बसले तेव्हा समोरच्या स्क्रीनवर एका बुडालेल्या बार्जचे फोटो उघडे होते. त्यांना ते बघवेनात. आठवडाभराचं सगळं सुख एकेक करून उलटं फिरू लागलं. जेवताना टक लावून बघणं हे प्रेम नव्हतं, ती कणव होती. डावीकडे बघा म्हणणं, कान चाचपणं, ही सगळी मापं होती. आणि मग त्यांना तपासणी आठवली. मागच्या महिन्यात ते वार्षिक चेकअपला गेले होते. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "सब ठीक है, आप बाहर बैठिए," आणि मृणालिनीबाईंना मात्र आत थांबवून घेतलं होतं. चांगला वेळ. दार लावून. बाहेर आल्यावर बाईंनी "काही नाही हो" म्हणून विषय बदलला होता.

सूर्यकांतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, रांजणसुद्धा तयार होता. फक्त ज्याची हाडं त्यात भरायची, त्यालाच कुणी सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी अलीमियाँला गाठलं. अलीमियाँ मूळचा राजापूरकडचा, दुबईच्या देरा भागात त्याचं बोटींच्या दोरखंडांचं दुकान. दुबईत आल्या वर्षापासूनची दोस्ती. कॅफेटेरियात करक चहाचे दोन ग्लास पुढ्यात ठेवून त्यानं सगळी हकिगत ऐकली, फोटो मोठा करून बघितला.

"काय हुबेहूब केलंन हो भाभींनी! नाक तर असं, की सर्दी झाली तर मडक्याला रुमाल द्यायला लागेल."

"अलीमियाँ, माझ्या मरणाची गोष्ट चाललीय."

"मग भाभींना सरळ विचार की! विचारलंस?"

"कसं विचारू? तिनं एवढं मनात दाबून ठेवलंय. माझ्यासमोर हसून वावरते बिचारी. मी विचारलं तर मोडून पडेल."

अलीमियाँनं दोन्ही हात वर केले. "तू इन्शुरन्सवाला ना? सर्व्हे केल्याशिवाय जहाज बुडालं म्हणून लिहितोस काय?"

पण सूर्यकांतरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. उरलेले दिवस बायकोला सुखात ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून गुळवण्यांच्या घरात नवल घडू लागलं. त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला. बाईंनाही दिला. तोंडल्याची भाजी मुकाट्यानं खाल्ली आणि वर "छान झालीय" म्हणाले. टोरोंटोहून मुलाचा, सिद्धांतचा, व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे इतका वेळ डबडबल्या डोळ्यांनी पाहिलं की तो म्हणाला, "आई, व्हॉट हॅपन्ड टु बाबा? इज ही ओके?"

"काय माहीत," बाई म्हणाल्या. "कालपासून भांडीसुद्धा घासतायत."

आणि मग शुक्रवारी ते आपणहून म्हणाले, "मृणाल, तुला खोर फक्कानला जायचं होतं ना? चल, उद्या जाऊ. क्लास बुडव एक दिवस."

मृणालिनीबाई बघतच राहिल्या. खोर फक्कानचा समुद्र बघायचा त्यांचा हट्ट दुबईतल्या संसाराइतकाच जुना होता. सूर्यकांतरावांना ते बंदर फक्त कागदांतून माहीत होतं. तिथं कुठल्या क्रेनखाली कुठला कंटेनर चेपला, हे ते झोपेत सांगू शकले असते. "तिथं काय बघायचंय?" असं म्हणून त्यांनी आजवर तो बेत टोलवला होता.

गाडीचा एसी दुरुस्त होऊन आला होता. डोंगरांच्या पोटातून जाणारे बोगदे एकामागून एक संपले आणि अचानक समोर निळं पाणी उघडलं. एका अंगाला बंदराच्या क्रेन्स माना वर करून उभ्या होत्या, दुसऱ्या अंगाला वाळूची चंद्रकोर, पाठीशी तपकिरी, उघडेबोडके डोंगर. बाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि साडीचा काठ भिजेल याची पर्वा न करता सरळ लाटांत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मागे वळून हात केला, "अहो, या ना!"

सूर्यकांतराव पँट दुमडून पाण्यात गेले. लाट पायांवरून गेली आणि खालची वाळू सरकली. इतका सुरेख दिवस, आणि आपण जाणार. त्यांना राहवेना.

"मृणाल," ते म्हणाले, "एकच विचारतो. खरं सांग. किती दिवस उरलेत?"

"कशाला? रिटायरमेंटला?"

"माझे. मला सगळं कळलंय. मी रांजण पाहिलाय."

"पाहिलात?" बाईंचा चेहरा पडला. "अय्या, कधी? मला तुम्हाला भाजून झाल्यावर दाखवायचा होता हो!"

सूर्यकांतराव पाण्यातच दोन पावलं मागे सरकले. "मला भाजून झाल्यावर?"

"तुम्हाला नाही! रांजण, रांजण भाजून झाल्यावर! पण दिवस कसले उरलेत?"

मग सगळं बाहेर पडलं. रोडेल, हाडं, टक लावून बघणं, कानाची पाळी, डॉक्टरीणबाईंचं बंद दार. सूर्यकांतराव बोलत गेले तसतशा बाईंच्या भुवया वर चढत गेल्या. ते एकदाचे थांबले. आणि मग मृणालिनीबाई हसल्या. आधी नुसतं फिस्सकन. मग डोकं मागे टाकून, तोंड उघडून, डोळे गच्च मिटून. हसता हसता त्यांचा तोल गेला आणि त्या मटकन खाली बसल्या, साडीसकट, पाण्यात. पुढची लाट आली आणि त्यांना कमरेपर्यंत भिजवून गेली. तरी हसू थांबेना.

"डॉक्टरीणबाईंना..." त्या कशाबशा म्हणाल्या, "त्यांच्या मुलीला... गणिताची शिकवणी हवीय हो! दहावीत आहे ती! मी नको म्हणाले, तर सोडेचनात मला!"

"आणि माझे रिपोर्ट?"

"तुमच्या रिपोर्टांत काय असणार? कोलेस्टेरॉलसुद्धा माझ्यापेक्षा कमी आहे तुमचं!"

सूर्यकांतराव जिवंत होते. ही बातमी त्यांच्या टाळूपासून तळव्यांपर्यंत झिरपायला थोडा वेळ लागला. मग तेही बायकोशेजारी पाण्यात बसले. पँट नवी होती, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. बाजूनं जाणाऱ्या एका अरब कुटुंबातली पोरं त्या दोघांकडे बोट दाखवून खिदळली, तर सूर्यकांतरावांनी त्यांना हात हलवून दाखवला.

"पण मग हा अभद्र उद्योग कशाला?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं. "मेलेल्यांचा रांजण, आणि त्यावर जिवंत नवरा?"

बाईंनी ओल्या पदरानं डोळे पुसले. "मारिविक त्याच भागातली आहे. तिनं आम्हाला त्या गुहेतल्या रांजणांचे फोटो दाखवले. एक चेहरा हसरा, एक रुसलेला, एकाचा जबडा असा पुढे. हजारो वर्षांनीसुद्धा वाटतं की हाक मारली तर ओ देतील. ती म्हणाली, डोळे मिटा आणि जो चेहरा तुमच्या हातांना पाठ आहे तो करा. मी आईचा करायला बसले. माझी आई, तिला जाऊन किती वर्षं झाली. म्हटलं, तिचाच करावा."

"मग?"

"होईना ना. नाक काढलं की तुमचं. मोडलं, परत केलं, परत तुमचंच. भुवई केली तर बोट आपोआप त्या खोकेपाशी जाऊन थांबलं. मला रागच आला हो. म्हटलं, इथंसुद्धा मधे मधे येतायत!" त्या थांबल्या. "शेवटी म्हटलं, बरं, व्हा तुम्हीच. मग कान तेवढे नीट जमावेत म्हणून घरी तुमच्याकडे बघत बसले."

सूर्यकांतरावांनी बायकोच्या हातावरची वाळू झटकली.

पुढच्या शनिवारी ते हॉर्न न वाजवता स्टुडिओत हजर झाले. "नाक दुरुस्त करून घ्यायचंय," त्यांनी मारिविकला सांगितलं. "फार मोठं झालंय."

मारिविक बुटकी, गोल चेहऱ्याची, सदा हसतमुख बाई. तिनं एकदा रांजणाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "सर, खरं सांगू? थोडं लहानच झालंय." सगळा क्लास हसला. मग तिनं मातीचा एक गोळा त्यांच्या हातात ठेवला. "आलाच आहात तर बसा. तुमच्या मिसेसचा चेहरा करा."

"त्यात काय!" सूर्यकांतरावांनी बाह्या सरसावल्या आणि डोळे मिटले.

डोळ्यांपुढे काहीच येईना. म्हणजे मृणाल यायची, पण पाठमोरी, ओट्यापाशी. नाहीतर चष्मा कपाळावर सरकवून पेपर तपासणारी. चेहरा निसटून जायचा. कपाळ रुंद की अरुंद? भुवया जुळतात का? गालावरचा तीळ उजवीकडे की डावीकडे? त्यांनी दाबून दाबून एक डोकं केलं. ते बटाट्यासारखं दिसत होतं. दुसरं केलं, ते अलीमियाँसारखं झालं. क्लेममध्ये कंटेनरवरचा ओरखडा न् ओरखडा टिपणारा माणूस, आणि घरातला एक तीळ त्याला सांगता येईना. ते ओशाळून बायकोकडे बघायला लागले, तर बाईंनी चेहरा ओंजळीत लपवला. "अंहं! बघून नाही. डोळे मिटून!"

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर पाळी उलटली. आता सूर्यकांतराव टक लावून बघत आणि मृणालिनीबाई लाजून म्हणत, "जेवा बघू मुकाट्यानं." तीळ डावीकडे होता. भुवया जुळत नव्हत्या, पण राग आला की जुळायच्या. खालचा एक दात किंचित वाकडा होता, आणि तो इतका गोड होता की आजवर आपलं लक्ष कुठं होतं असं त्यांना झालं.

तरी मातीत चेहरा उतरेना. सगळं मोजून मापून बरोबर केलं तरी कुणीतरी भलतीच बाई तयार व्हायची.

"सर, त्या जुन्या लोकांनी हे चेहरे का केले, नक्की कुणालाच ठाऊक नाही," मारिविक त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "लिहून ठेवायला कुणी नव्हतं. पण मला वाटतं, ते बसून नाक-कान मोजत नसणार. त्या माणसाबरोबरचा एखादा दिवस आठवत असणार."

सूर्यकांतरावांनी डोळे मिटले. डोकं मागे टाकलेलं. तोंड उघडं. पुढची लाट येतेय आणि बाईंना तिची खबर नाही. हात आपोआप चालू लागले. मारिविक कधी उठून गेली, शेजारच्यांनी कधी आवराआवर केली, त्यांना कळलंच नाही.

त्या डोक्याखालचा रांजण मारिविकनं घडवून दिला, आणि महिन्याअखेर भट्टी उघडायचा दिवस आला. मारिविकनं त्याचा सणच करून टाकला होता. तिच्या मैत्रिणींनी शेवयांसारख्या नूडल्सचं मोठं घमेलं आणलं होतं, मृणालिनीबाईंनी खांडवी, आणि अलीमियाँ बायकोच्या हातची सांदणं घेऊन आला होता. रोडेलही आला, खास जार बघायला.

भट्टीचं दार उघडलं. ऊबदार वाफ तोंडावर आली. मारिविकनं हातमोजे घालून एकेक नग बाहेर काढला आणि लाकडी फळीवर मांडला. सूर्यकांतरावांचं डोकं तांबूस, खणखणीत निघालं. त्याच्या शेजारी एक दुसरं डोकं येऊन बसलं. त्याचा एक कान थोडा खाली घसरला होता, गालावर बारीक चीर गेली होती, आणि ते तोंड उघडून, डोळे मिटून असं खदखदा हसत होतं की बघणाऱ्यालाही हसू फुटावं.

"या अल्ला, भाभी!" अलीमियाँ ओरडला.

मृणालिनीबाई पुढे झाल्या. आपल्याच चेहऱ्यापुढे वाकल्या. "मी अशी दिसते हसताना?" त्यांनी हळूच विचारलं.

"अशीच," सूर्यकांतराव म्हणाले. "तुला कुठं दिसतं? तू डोळे मिटतेस."

तेवढ्यात अलीमियाँनं घरी व्हिडिओ कॉल लावला होता. "शहनाझ, हे बघ! तू पण क्लास लाव. माझा रांजण कर!" पलीकडून शहनाझभाभींचा आवाज साऱ्या गोदामात घुमला, "तुमचं तोंड रोज बघते, तेवढं बस झालं!" हास्याचा असा फटाका फुटला की रोडेलच्या प्लेटमधलं सांदण खाली पडलं.

दुपारी दोन्ही रांजण गाडीच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांना बेल्ट बांधले. अलीमियाँ खिडकीतून डोकावला.

"मग, काय भरणार यांच्यात? एकात तांदूळ, एकात डाळ?"

"पुण्याला गेल्यावर बघू," मृणालिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं हो?"

सूर्यकांतरावांनी आरशातून मागे नजर टाकली. मागच्या सीटवर एक जण ओठ काढून बसला होता आणि एक जण त्याला हसत होती.

"रिकामेच राहू देत," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

"यल्ला!" अलीमियाँनं गाडीच्या टपावर थाप मारली, आणि चौघं घरी निघाले.